या नावाचं इथे कोणी नाही

"द्वारका कुलकर्णी आहेत का?"

फोनवर पुरुषाचा आवाज होता. दुपारची वेळ. माझे यजमान जेवून आतल्या खोलीत झोपले होते. मी ओटा आवरून बाहेर येतच होते, हात अजून ओले होते. रिसीव्हर मी दोन बोटांत धरला आणि ते नाव ऐकून माझ्या तोंडावर चक्क हसू आलं.

कारण हे नाव ठाऊक असलेली माणसं जगात फार उरली नव्हती. कराडमध्ये तर एकही नव्हतं. कराडमध्ये मी वासंती हळबे होते, हळबेकाकू होते, अनुजाची आई होते. द्वारका कुलकर्णी म्हणून मला शोधत येणारं माणूस म्हणजे मिरजेचंच, माझ्या शाळेतलं नाहीतर आमच्या गल्लीतलं.

"बोलतेय," मी म्हटलं. "थांबा, नाव सांगू नका. मिरजेहून ना?"

"कोल्हापुरातनं."

"अगं बाई. मग सिंधूकडचे कुणी का? सिंधू गोखले, तिला कोल्हापूरला दिली होती, शाहूपुरीत…"

"ओ बाई," आवाज म्हणाला, "सिंधूबिंधू राहू द्या. हप्ते कधी भरताय ते बोला."

"कसले हप्ते?"

"कर्जाचे. घेताना बरं गोड लागलं, आता कसले म्हणून विचारताय?"

"तुमची काहीतरी गफलत होतेय. मी कर्ज…"

"द्वारका विनायक कुलकर्णी. आत्ताच म्हणालात न्हवं, बोलतेय म्हणून? आता शब्द फिरवायचा न्हाई. म्हातारपणी लाज वाटत न्हाई होय लोकांचं पैसं बुडवायला?"

आणि त्यापुढे तो असं काही बोलला, की ते मी अजूनही कुणाला तोंडानं सांगितलेलं नाही. माझ्याशी आयुष्यात कुणी तसं बोललं नव्हतं. मी रिसीव्हर खाली ठेवला. मग परत उचलला आणि बाजूला काढून ठेवला, पुन्हा वाजू नये म्हणून. आतून यजमानांचं घोरणं शांतपणे चालू होतं.

त्या नावाची गोष्ट सांगायला हवी. आमच्या वेळी मुलीचं लग्न झालं की आडनावाबरोबर तिचं नावही बदलायचे. ताम्हणात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहायचा, आणि सगळ्यांना साखर वाटली की झालं, जुनं नाव संपलं. माझ्या सासूबाईंना द्वारका हे नाव फार जुनाट वाटत होतं. यांनी 'वासंती' लिहिलं. अक्षर सुरेख होतं, मला ते आवडलंही. माहेरी आई मात्र शेवटपर्यंत 'द्वारके' अशीच हाक मारायची, ती हाक वडिलांच्या छापखान्याच्या यंत्राच्या आवाजातूनही पुढच्या दारापर्यंत यायची. वडील गेले, मग काही वर्षांनी आईही गेली. धाकटा भाऊ दिगंबर मला ताई म्हणतो. तेव्हा आई गेली आणि द्वारका म्हणणारं कुणी राहिलं नाही.

म्हणून त्या दिवशी मला आधी आनंद झाला होता. तो झाला नसता तर 'बोलतेय' असं मी म्हटलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन आला. तिसऱ्या दिवशीही. मी आवाज ओळखला की ठेवून देई. मग एकदा असं झालं, की उकाड्यानं यजमानांना झोपच लागली नाही. ते बाहेरच्या खोलीत पेपर चाळत बसले होते. फोन वाजला तो त्यांनीच घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, हातात ताकाची रवी तशीच.

"कोण? द्वारका कुलकर्णी?" यजमान म्हणाले. "नाही हो. या नावाचं इथे कोणी नाही. … अहो, नंबर बरोबर असेल, माणूस चुकीचा आहे. मी या घरात जन्मलोय, मला माहीत नाही होय इथे कोण राहतं ते? … हे पहा, नीट बोला. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलीय, असले आवाज पुष्कळ ऐकलेत."

त्यांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसत माझ्याकडे पाहिलं.

"कुणी द्वारका कुलकर्णी म्हणे. कर्ज काढून बसलीय. तुझ्या माहेरची आहे का बघ कुणी. तुमच्यात कुलकर्ण्यांना काय तोटा."

"असेल," मी म्हटलं.

"दिगूला विचार. त्याच्या लांबच्या नात्यातली असेल, पळून गेलेली."

आणि ते हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं. लग्नाआधी ते नाव त्यांनी पत्रिकेत एकदा वाचलं असेल, तांदळात स्वतःच्या हातानं पुसलं, आणि मग कधी त्याची गरजच पडली नाही. मी आत जाऊन ताक घुसळत राहिले. लोणी कधीच वर आलं होतं.

त्यांना तेव्हाच का सांगितलं नाही, असं अनुजानं मला पुढे विचारलं. तिला ते कळणार नाही. आमच्या पिढीच्या बायकांना सासरी सगळं सांगता यायचं, आपली चूक, मुलांची चूक, शेजारणीची चूक. माहेरचं उणं तेवढं सांगता यायचं नाही. आणि हे कर्ज कसलंही असो, त्यावर नाव माहेरचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच आवाज. आता तो मजेत होता.

"काय ओ बाई, तुमच्या नवऱ्याला तुमचं नाव ठावं न्हाई?"

मी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"का दुसरं काय नाव सांगून लग्न केलंत?" मागे कुणीतरी हसलं. म्हणजे तिथे तो एकटा नव्हता, ऐकायला माणसं होती. "हे बघा. सरळ सांगतो. पैसं आलं न्हाईत तर दारात हलगी लावणार. तुमच्या गल्लीत चांगली चारचौघं जमतील. आणि जावई पुण्याला बँकेत हाईत न्हवं? शिरीषराव? त्यांच्या ऑफिसात फोन करून विचारू का, सासूबाईंचं काय करायचं म्हणून?"

मी फोनशेजारच्या स्टुलावर बसले.

"तुम्हाला त्यांचं नाव कुणी सांगितलं?"

"आम्हाला सगळं ठावं असतंय. हातात पाटल्या हाईत न्हवं, आईच्या? चांगल्या ठसठशीत. त्या मोडल्या तरी मागचं निघतंय."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. पाटल्या होत्या. आईनं जाताना माझ्या हातांत घातलेल्या. आमच्या खिडकीला पडदा होता, तो ओढलेला होता, तरी मी उठून पुन्हा ओढला. त्या दिवसापासून मी घरातही पदर दोन्ही हातांवरून घेऊन वावरू लागले.

रात्रंदिवस एकच विचार. हे नाव बाहेर गेलं कसं? मी ते शेवटचं कधी लिहिलं होतं? आणि ते मला आठवलं. आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. जेवणं झाल्यावर दिगूनं मला पुढे छापखान्यात बोलावलं होतं. एक माणूस कागद घेऊन आला होता. दिगू म्हणाला, "ताई, हक्कसोडाचं करून टाकू या का? तू आलीच आहेस." वडिलांच्या घरावरचा हक्क बहिणीनं सोडायचा आणि भावाच्या नावावर घर करून द्यायचं, ही आमच्याकडची रीतच होती. न मागता सही करणारी बहीण चांगली. मी म्हटलं, "आण की." दिगू म्हणाला, "उताऱ्यावर तुझं लग्नाआधीचंच नाव लागलंय, तशीच सही कर." पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या होत्या, तिथे तिथे मी लिहीत गेले, द्वारका विनायक कुलकर्णी. इतक्या वर्षांनी हात वळतो की नाही असं वाटलं होतं. वळला. मला तर ते लिहिताना फार बरं वाटलं होतं. वडिलांनी लहानपणी छपाईचे शिशाचे खिळे जुळवून मला माझं नाव छापून दाखवलं होतं, ते त्याच टेबलावर. सुमित्रानं, माझ्या भावजयीनं, ओटी भरून रेशमी साडी दिली.

पण ते हक्क सोडण्याचे कागद होते. ज्यानं सगळं सोडून दिलं त्याच्या डोक्यावर कर्ज कुठून येईल? नाही, त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, हे मी स्वतःला पक्कं सांगितलं. कुणीतरी भामट्यानं सरकारी दप्तरातून माझं नाव उचललं असणार. आणि माझं उचललं तर दिगूचंही उचललं असणार. मग मला दिगूची काळजी वाटू लागली.

यजमान बाजारात गेलेले पाहून मी मिरजेला फोन लावला.

"दिगू, अरे मला विचित्रच फोन येतायत," मी सांगितलं सगळं. जावयाचं, पाटल्यांचं, हलगीचं. शिव्या तेवढ्या गाळल्या.

"हल्ली असले भामटे फार झालेत, ताई. लक्ष देऊ नकोस."

"तुला येतात का रे?"

"मला? नाही." मग म्हणाला, "दाजींना सांगितलंस का?"

"नाही अजून."

"बरं केलंस. उगाच त्यांच्या डोक्याला ताप. मी बघतो काय ते."

मला केवढा धीर आला. त्या रात्री मी झोपले. आणि दुसऱ्या दुपारी फोन वाजला तेव्हा आवाज म्हणाला, "भावाला कशाला फोन करताय? तो काय करणार? पैसं तुम्हीच द्यायचं."

तुम्हाला वाटेल, त्याच क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की हे लोक दिगूपर्यंत पोचले. मी घाबरू नये म्हणून त्यानं 'मला नाही येत' असं सांगितलं. एकटाच सोसतोय तिकडे. लहानपणीही तो असाच होता, मास्तरांनी मारलं तरी घरी सांगायचा नाही, मी त्याच्या हातावरचे वळ पाहून ओळखायची.

सकाळी यजमानांना म्हटलं, दिगूची तब्येत बरी नाही, जाऊन येते.

"फोनवर सांगितलं त्यानं?"

"हो."

"मग जा. त्याच्यासाठी थोडे बेदाणे ने, अशक्तपणा असेल तर."

एसटीत खिडकीशी बसले. पाटल्या काढून रुमालात बांधल्या आणि पर्समध्ये तळाशी ठेवल्या. त्या भामट्यांनी दिगूला फारच छळलं असेल, तर त्या मोडायच्या आणि त्याला सोडवायचं, हे मी कासेगाव यायच्या आत ठरवूनही टाकलं होतं. आईच्याच होत्या, तिच्या मुलाच्या कामी येतील. इतकं ठरल्यावर मला हलकं वाटलं. बेदाण्याची पुडी मांडीवर होती.

आमचा छापखाना रस्त्याच्या कडेला होता आणि मागे घर. पुढचं दार उघडंच असे. त्या दिवशी यंत्र बंद होतं, त्यामुळे एक वेगळीच शांतता होती. शाईचा वास मात्र तोच. मी उंबऱ्यात एक चप्पल काढली. दिगू टेबलाशी पाठमोरा बसून फोनवर बोलत होता. मागच्या बाजूनं पंखा फिरत होता, माझी चाहूल त्याला लागली नाही.

"नाही हो," तो म्हणत होता. "वाकलीच आहे ती. परवा मला फोन केला होता, आवाज कापत होता. … अजून थोडं ताणा. … नवऱ्याला? छे. ते माझ्यावर सोडा. माहेरचा विषय आहे, ती मरेल पण त्यांना सांगायची नाही. … हां, दुपारीच करा. जेवून ते झोपतात, फोन तीच उचलते. मधे एकदा त्यांनी घेतला, तसं व्हायला नको. … जावयाचं बोललात ना? … पाटल्यांचं परत एकदा काढा. तुम्हाला नाही म्हणेल. पण मला देईल. मला देईल ती."

मी तिथेच उभी होते, एक पाय चपलेत आणि एक बाहेर. माणसाला धक्का बसतो तेव्हा मनात काय येतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. माझ्या मनात आलं, पंखा किती कुरकुरतोय, तेल घालायला हवं. मग मनात आलं, दिगूचे केस मागून किती विरळ झालेत. त्याचं बोलणं मी ऐकलं होतं, सगळं समजलं होतं, पण ते आत शिरायला तयार नव्हतं.

त्यानं फोन ठेवला आणि वळला.

"ताई," तो म्हणाला. "कधी आलीस?"

"आत्ताच."

"कळवलं असतंस तर स्टँडवर आलो असतो."

"हो," मी म्हटलं. "घाईत निघाले."

इतकं सहज बोललो आम्ही. मी दुसरी चप्पल काढली, आत आले, खुर्चीवर बसले. पुडी टेबलावर ठेवली. "बेदाणे आहेत," मी म्हटलं.

आवाज ऐकून सुमित्रा आतून आली. "अगंबाई, वन्सं. अशा अचानक? पाणी आणते." तिनं तांब्याभांडं आणलं. मी सगळं पाणी प्याले. भांडं खाली ठेवलं, आणि मगच माझ्या तोंडून शब्द निघाला.

"कुणाशी बोलत होतास?"

दिगूनं सुमित्राकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"ऑफसेट मशीन घेतलं ना," तो म्हणाला. "तुला वाटतं छापखाना चालतो. हल्ली पत्रिका सगळे कॉम्प्युटरवर…"

"मी ते विचारलं नाही."

तो जरा वेळ टेबलावरची शाईची डबी उघडमीट करत राहिला. मग एकदम बोलायला लागला, आणि त्याचा आवाज मला ओळखूच येईना.

"मला रोज फोन यायचे, ताई. सकाळी डोळे उघडायच्या आत. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. आईवरून शिव्या द्यायचे, आपल्या आईवरून. फोन काढून ठेवला तर माणूस पाठवायचे, तो समोरच्या पानपट्टीवर उभा राहून नुसता बघत राहायचा. मग एक दिवस त्यांच्यातला एक म्हणाला, कागदावर दुसरी सही आहे ती बाई कोण, तिचा नंबर द्या, तुम्हाला जरा विसावा देतो."

"आणि तू दिलास."

"दिला. आणि खरंच थांबले गं. फोन वाजेना. मी झोपलो, ताई. किती दिवसांनी झोपलो."

सुमित्रानं पदर तोंडाला लावला. मला त्याची दया आली, हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही. आली. पण ती आली आणि तशीच पलीकडे निघून गेली.

"सही हक्क सोडायची होती," मी म्हटलं.

"ते कागद हक्कसोडाचे नव्हते."

"मग?"

"हक्कसोडाला वेगळी नोंदणी, तारीख, खर्च. कंपनीचा माणूस म्हणाला, दोघं मालक आहात तर दोघांनी कर्ज घ्या, लगेच काम होतं. तुला खरं सांगितलं असतं तर तू दाजींना विचारलं असतंस. ते नाही म्हणाले असते."

"साडी मात्र आम्ही चांगली घेतली होती," सुमित्रा मधेच म्हणाली. "गर्भरेशमी. सांगलीहून आणली होती." आणि आपण काय बोललो ते कळून ती भिंतीकडे सरकली.

"म्हणजे मी काही सोडलेलंच नाही," मी म्हटलं. "हे घर अजून माझंही आहे."

"निम्मं." दिगूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा आशा दिसली. मला समजावायला त्याला काहीतरी सापडलं होतं. "तेच तर सांगतोय. तुझं काही गेलेलं नाही, ताई. उलट आहेच तुझं. आता फक्त त्या पाटल्या…"

"त्यांना दुपारची वेळ तू सांगितलीस."

त्यानं शाईच्या डबीचं झाकण घट्ट लावलं.

"शिरीषरावांचं नाव तू सांगितलंस."

"ते नुसती भीती घालतात. करत काही नाहीत."

"तू घाबरलास की."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. दिगू जागचा हलला नाही. सुमित्राही नाही. त्या घरात फोन वाजल्यावर माणसं कशी बसतात ते मी पाहिलं, जीव मुठीत धरून. मी हात लांब केला आणि रिसीव्हर उचलला.

"कुलकर्णी, एक राहिलंच बघा," तोच आवाज. "त्या पाटल्या अंदाजे किती…"

"द्वारका कुलकर्णी बोलतेय," मी म्हटलं.

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"मिरजेहून बोलतेय. माझ्या घरातून. मला एक सांगा, तुमच्या कागदावर या घराचे मालक म्हणून कुणाची नावं आहेत?"

तो गडबडला असावा. कागद चाळल्याचा आवाज आला. "दिगंबर विनायक आणि द्वारका विनायक. दोघं समान."

"घर विकलं तर तुमचं कर्ज फिटेल?"

"फिटून वर चांगलं उरंल की. रस्त्यावरची जागा हाय."

दिगू उभा राहिला होता. "ताई, काय करतेस?"

"मग विकायला माझी तयारी आहे," मी फोनमध्ये म्हटलं. "सही लागेल तिथे मी करीन, पण या वेळी वाचून करीन. आणि यापुढे कराडला फोन करायचा तर सकाळी करा. आमचे हे जागे असतात तेव्हा. त्यांना सांगा, द्वारका कुलकर्णींना बोलवा. त्यांना आज रात्री कळलेलं असेल ती कोण ते."

त्यानंतर जो शब्द ऐकू आला तो त्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. "बरं, मॅडम," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. पर्स मांडीवर ओढून घेतली.

"आम्ही जायचं कुठे?" दिगूनं विचारलं.

"उरेल त्यातलं निम्मं तुझं आहे."

"आणि तुला माहेर?" तो म्हणाला. "तुला माहेर राहणार नाही, ताई. याचा विचार केलास?"

केला होता विचार, आत्ताच, फोनवर बोलता बोलता केला होता. मी उठले आणि चूळ भरायला म्हणून आत गेले, कारण मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

पुढे घर विकलं गेलं. त्याला वर्ष लागलं. दिगूनं सांगलीला दोन खोल्या घेतल्या आणि एका मोठ्या छापखान्यात नोकरी धरली. मला तो बोलवत नसे, मी जात नसे. यजमानांना मी मिरजेहून परतले त्याच रात्री सगळं सांगितलं, पण तेव्हा किंवा नंतर त्यांनी दिगूबद्दल एकही वाकडा शब्द काढला नाही. या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. यजमान नाहीत, दिगूही नाही. पण तो दिवस आठवला की मला फोन आठवत नाही, दिगूची पाठ आठवत नाही. मला आठवतं ते त्यानंतरचं, आतल्या खोलीतलं.

मी मोरीपाशी तोंड धुऊन उभी होते. सुमित्रा मागून आली. तिच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी होती. घरात इतकं होऊनही ती आली होती, कारण माहेरवाशीण निघाली की तिला कुंकू लावायचं असतं. मी कपाळ पुढे केलं. तिनं हळद लावली, कुंकू लावलं, पण बोट काढीना. कपाळावर तसंच टेकवून राहिली.

"वन्सं," ती अगदी खाली आवाजात म्हणाली, "मी पण सह्या केल्यात."

"कसल्या?"

"माझ्या माहेरी. आई गेल्यावर भावानं वाटण्या केल्या ना, माझं नाव उताऱ्यावर चढलं. हे म्हणाले, भावाच्याच भल्याचं आहे, करून टाक. तीच कंपनी." तिनं दाराकडे पाहिलं. "आमचा दादा शेतावर एकटा असतो. त्याला काही माहीत नाही. आज ना उद्या त्याचा फोन वाजेल."

मी तिच्याकडे बघत राहिले. ही बाई आमच्या घरात आली तेव्हा मी तिला दारात ओवाळलं होतं. तिच्या बाळंतपणांना मी होते. आईच्या शेवटच्या दुखण्यात आम्ही दोघींनी रात्री जागवल्या होत्या. आणि मला जे विचारायचं होतं ते विचारायला माझी जीभ उचलेना.

"सुमित्रा," मी म्हटलं, "कुठल्या नावानं केल्यास सह्या?"

"माहेरच्या."

"ते काय होतं गं?"

तिनं सांगितलं. यमुना. यमुना शंकर फडणीस. तीस वर्षांत ते मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि सांगताना ती लाजली होती, नव्या नवरीसारखी.

"दादाचा नंबर पाठ आहे?" मी विचारलं.

तिनं मान डोलावली.

"मग चल. त्याला हे आधी आपल्याकडून कळू दे."

"ते बाहेर बसलेत."

"बसू दे."

कोयरी तिनं तिथेच कट्ट्यावर ठेवली. बोटांचं कुंकू पदराला पुसलं. फोन बाहेरच्या खोलीत होता आणि दिगू त्याच्या शेजारीच बसला होता. आम्ही दोघी तिकडे निघालो.